हिंदुरावांचे पाच किलो

“पाणी? माझं पाच किलो म्हणजे पाणी?”

हिंदुराव चौगल्यांनी शेवटच्या पायरीवरूनच विचारलं. चपला अजून पायात होत्या.

अप्पा ओसरीत बसून वाती वळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“सांगा की, अप्पा. सहा दिवसांत पाच किलो. एकशे दोनवरनं सत्त्याण्णव. आणि ती दवाखान्यातली पोरगी मला म्हणत्या, काका, हे पाणी आहे, फार खूश होऊ नका.”

“चपला,” अप्पा म्हणाले.

हिंदुरावांनी चपला काढल्या. खांद्यावरची पिशवी जपून खाली ठेवली आणि ते ओसरीच्या कडेला टेकले. मार्गशीर्षातली थंडी होती, तरी चढ चढून त्यांना धाप लागली होती.

मी समोरच होतो. उंबरवाडीचा हा मठ अप्पांचा, आणि मठातला तराजू गेली अकरा वर्षं माझ्या हातात आहे. त्याआधी मी तीस वर्षं शाळेत शिकवलं, म्हणून मठातही सगळे मला मास्तरच म्हणतात. त्या सकाळी मी पारडी चिंचेने घासत होतो, कारण अकरा वाजता हिंदुरावांची तुला होती.

आमच्याकडच्या तुलेची रीत निराळी आहे, ती आधी सांगून टाकतो.

या मठात माणसाची तुला होत नाही. त्याने जे सोडलं, त्याची होते. दारू सोडणाऱ्याने शेवटची बाटली आणायची. ती एका पारड्यात, आणि दुसऱ्यात तिच्या भाराचा गूळ. तो गूळ गावात वाटायचा. ज्याने ज्याने गूळ खाल्ला, त्याला पुढे विचारायचा हक्क. बाटली पुन्हा हातात दिसली की शेंबडं पोरसुद्धा म्हणतं, काका, माझा गूळ परत द्या.

एकाने भावावरचा दावा सोडला, तेव्हा कोर्टाचे कागद घेऊन आला होता. अडीच किलो भरले.

नियम एकच. पारड्यात वस्तूच ठेवायची. वस्तूच्या ऐवजी दगड, माप, चिठ्ठी चालत नाही. माझी तंबाखूची चंची याच पारड्यात चढली आणि त्यानंतर मी तंबाखूला बोट लावलेलं नाही. याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही.

हिंदुरावांना तर गर्व लपवायची सवयच नव्हती. तीन गुऱ्हाळं, दोनदा सरपंच, आवाज असा की माईकवाल्याने त्यांच्या सभेचं भाडं घेऊ नये. त्यांनी वजन उतरवायला घेतलं, ही गोष्ट चार गावांना पहिल्याच दिवशी कळली होती.

कारण मात्र चेष्टेचं नव्हतं.

त्यांच्या थोरल्या बहिणीच्या, शेवंताक्कांच्या, दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून तीनदा शहरात डायलिसिस चालायचं. हिंदुराव चार महिन्यांचे असताना त्यांची आई गेली. चौदा वर्षांच्या शेवंताक्कांनी त्यांना वाढवलं आणि त्यापायी स्वतःचं लग्न दहा वर्षं पुढे ढकललं. त्यामुळे किडनी कोण देणार, हा प्रश्न चौगल्यांच्या घरात निघालाच नाही.

प्रश्न वजनाचा निघाला. डॉक्टर म्हणाले, सगळं जुळतंय, पण नव्वदच्या आत या, मग पुढचं बोलू. अक्का पाच-सहा महिने डायलिसिसवर काढतील. त्यापुढचं आम्ही सांगू शकत नाही.

सातव्या दिवशी गावाच्या फाट्यावर फ्लेक्स लागला. हिंदुराव गॉगल लावून उभे, आणि खाली लाल अक्षरांत : ‘सहा दिवसांत पाच किलो! अक्कासाठी काय पण!’ त्याच्या खाली मठातल्या तुलेची तारीख. ती तारीख आज उजाडली होती.

“त्या पोरीनं काय काय सांगितलं?” अप्पांनी विचारलं.

“काय सांगणार! म्हणाली, भाकरी-भात कमी केला, मीठ कमी केलं, की अंगात साठवलेली साखर आधी संपती. त्या साखरेनं पाणी धरून ठेवलेलं असतं, ते सुटतं. काटा भरभर उतरतो. चरबीचं काम नंतर सुरू होतं आणि ते सावकाश चालतं… शिकलेली हाय, बोलती चुरूचुरू. मी म्हटलं, बाई, मी सहा दिवस उपाशी काढल्यात. पाण्यासाठी?”

“मग?”

“मग हसली.”

अप्पांनी वळलेली वात ताटलीत ठेवली आणि दुसरा कापूस घेतला.

“आणि पुढच्या आठवड्यात काय झालं माहीत हाय? पुन्हा गेलो. तिनं काट्यावर उभं केलं, वहीत बघितलं, आणि उठून हातच जोडले. म्हणाली, काका, अभिनंदन, आता पेढा पाहिजे! कशाबद्दल विचारा की.”

“कशाबद्दल?”

हिंदुरावांनी इकडेतिकडे बघितलं. आवाज एकदम खाली आला.

“तीनशे ग्रॅम.”

मला हसू आलं. मी पारड्यात तोंड घातलं.

“हसा, मास्तर, हसा. पाच किलोला म्हणती खूश होऊ नका, आणि तीनशे ग्रॅमला पेढा मागती. मी घरात कुणाला सांगितलं न्हाई. अक्कालासुद्धा न्हाई. सांगायचं काय, तीनशे ग्रॅम? एवढी तर माझी चप्पल भरती.”



मठात पायऱ्या चढून येणाऱ्याला आधी पाणी द्यायचं असतं. एकशे दहा पायऱ्या आहेत. मी तांब्या भरून हिंदुरावांपुढे धरला.

“नको.”

“घ्या. चढून आलाय.”

“तुला झाल्यावर घेतो.”

अप्पांचे हात थांबले. त्यांनी पहिल्यांदा हिंदुरावांकडे नीट बघितलं. ओठ सुकून पांढरे पडले होते. जीभ मधूनमधून ओठांवरून फिरत होती. मी मघापासून समोर बसून हे बघितलं नव्हतं, बघितलं होतं ते फक्त मनगटावरचं सोन्याचं घड्याळ.

“वस्तू आणलीस?” अप्पांनी विचारलं.

“कसली वस्तू?”

“तुला कशाची आहे?”

“पाच किलोची.”

“ते पाच किलो आणलेस?”

हिंदुराव हसले. “अप्पा, ते गेलं की! गेलेलं कुठनं आणू? पाच किलोचा गुळाचा रवा मात्र आणलाय. माझ्याच गुऱ्हाळाचा, पहिल्या कढईचा गूळ. एका पारड्यात तो ठेवा, दुसऱ्यात पाच किलोचं माप टाका.”

“माप चालत नाही,” मी म्हणालो. जरा जोरातच म्हणालो. श्रीमंत माणूस दिसला की नियम वाकवायचा, हे मी मठात होऊ दिलेलं नाही.

“अहो मास्तर, बाटली आणता येती, चंची आणता येती. गेलेलं वजन कसं आणायचं?”

“त्या पोरीनं वस्तूचं नाव सांगितलंय,” अप्पा म्हणाले.

अप्पा माझ्याकडे वळले.

“मास्तर, आडावरून पाच किलो पाणी आण.”

मी धाकटी कळशी घेतली. आधी रिकामी तोलली, मग भरून तोलली आणि चूळभर पाणी कमी करून बरोबर पाच किलो केलं. कळशी पारड्यात ठेवली. दुसऱ्या पारड्यात रवा ठेवला, आणि रिकाम्या कळशीच्या भाराची मापं त्याच्या बाजूला ठेवली. काटा मधोमध उभा राहिला. माझ्या तराजूचा काटा कधी हेलकावत नाही.

हिंदुराव उठून उभे राहिले.

“गावासमोर हे ठेवणार? पाणी? अप्पा, माझी लाज काढायची असंल तर तसं सांगा. चार गावांची माणसं येणार हाईत. माझ्याविरुद्ध उभा राहतो तो मगदूम येणार हाय. मी सहा दिवस पाणी सोडलं, म्हणून गूळ वाटू?”

“पाणी नाही म्हणतोस?”

“न्हाईच मुळी.”

“बरं.”

अप्पांनी वातींची ताटली बाजूला सारली. “त्या पिशवीत काय आहे?”

पिशवीत वजनाचा काटा होता. काचेचा, आकडे उजळणारा. हिंदुराव तो सगळीकडे बरोबर नेत असत. पाहुण्यांच्या घरीसुद्धा नेत, असं मी ऐकलं होतं, आणि तेव्हा ते मला खरं वाटलं नव्हतं.

“काट्यावर चढ.”

हे सांगायचाच अवकाश होता. हिंदुरावांनी ओसरीखालच्या फरशीवर काटा मांडला. घड्याळ काढलं, अंगठी काढली, खिशातला मोबाईल आणि किल्ल्या काढल्या, टोपी काढली. धोतराकडे हात जाताना मी घसा खाकरला. मग ते काट्यावर उभे राहिले. छाती भरून, हनुवटी वर करून, फ्लेक्सवर होते तसेच.

पंच्याण्णव आठशे.

“बघा!” ते ओरडले. “पाच कुठलं, सहा किलोवर गेलंय! लिहा मास्तर. हे पण पाणी काय?”

“परवा किती होतं?” अप्पांनी विचारलं.

“…परवा?”

“हां. परवा.”

“परवा पुतण्याच्या पोराचं बारसं होतं. पुरणपोळी, कटाची आमटी, पापड, लोणचं. नको नको म्हणता दोन पोळ्या झाल्या.”

“किती होतं?”

“साडेअठ्ठ्याण्णव.”

“दोन पोळ्यांत पावणेदोन किलो चरबी चढली?”

हिंदुराव काट्यावरच उभे होते. खाली उतरायचं सुचलं नाही.

“आणि दोन दिवसांत पावणेतीन किलो उतरली?”

हिंदुरावांनी पायांखालचा आकडा बघितला.

“पाणी कधी प्यायलास?”

हिंदुरावांची जीभ पुन्हा ओठांवरून फिरली.

“हिंदुराव.”

“परवा सांजच्याला,” ते म्हणाले. “बारशाच्या रात्री काटा बघितला. फाट्यावर फ्लेक्स लागलाय, अप्पा. पाच किलो म्हणून लिहिलंय त्यावर. आज गावासमोर साडेतीन भरलं तर तोंड कुठं लपवू? म्हणून प्यालो न्हाई. काल दुपारी गुऱ्हाळात चुलाण्याजवळ बसलो, घाम काढला. रात्री चूळ भरली तेवढीच. तीसुद्धा थुंकून टाकली.”

एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस, पण मला त्याचं बोलणं ऐकायला पुढे वाकावं लागलं.

मी अप्पांना फार वर्षं ओळखतो. ते रागावतात तेव्हा त्यांचा आवाज आणखी मऊ होतो.

“शेवंताला काय द्यायचं ठरलंय?”

“किडनी.”

“कुणी दिली?”

“मी… म्हणजे देणार हाय.”

“शब्द दिलास?”

“दिला की. दवाखान्यात सगळ्यांसमोर दिला.”

“मग आता ती कुणाची?”

हिंदुरावांचा हात आपसूक कमरेवर गेला.

“ती शेवंताची आहे,” अप्पा म्हणाले. “तुझ्याकडे सांभाळायला ठेवलीय. तिला तू दोन दिवस पाणी दिलं नाहीस.”

एक माणूस बघता बघता कसा खाली बसतो, ते मी त्या दिवशी बघितलं. आधी काट्यावरून उतरले, मग पायरीवर बसले, मग दोन्ही हात तोंडावर घेतले. रडले नाहीत. डोळ्यांत पाणी यायला अंगात ते उरलंय का, असा एक वेडा विचार माझ्या मनात येऊन गेला आणि मला माझीच लाज वाटली.

अप्पा उठले. ऐंशी वर्षांचा माणूस, गुडघ्यावर हात ठेवून उठला. तराजूजवळ गेले, पारड्यातल्या कळशीत तांब्या बुडवला आणि हिंदुरावांपुढे धरला.

“पी. सावकाश.”

हिंदुरावांनी तांब्या दोन्ही हातांनी धरला. पहिला घोट गिळताना त्यांचा घसा वाजला. एक तांब्या झाला. दम घेऊन दुसरा झाला. तिसरा त्यांनी स्वतः बुडवून घेतला आणि अर्धा ठेवून थांबले, मग उरलेलाही प्यायले. तराजूवरचं पाण्याचं पारडं वर गेलं होतं आणि गुळाचं खाली आलं होतं. मी ते सरळ करायला पुढे झालो, तर अप्पांनी हाताने थांबवलं.

“आता काट्यावर चढ.”

“नको, अप्पा.”

“चढ.”

ते चढले. या वेळी हनुवटी खाली होती.

सत्त्याण्णव दोनशे.

“चरबी वाढली?” अप्पांनी विचारलं.

“न्हाई.”

“मग काय वाढलं?”

हिंदुराव त्या उजळलेल्या आकड्याकडे बघत राहिले…

“पाणी,” ते म्हणाले.

अप्पांनी मान हलवली आणि जाऊन पुन्हा वाती वळायला बसले. जणू काही झालंच नव्हतं.

साडेदहा वाजले होते. खालच्या पायऱ्यांवर माणसं दिसायला लागली होती. हिंदुरावांनी मोबाईल उचलला.

“पोरांना सांगतो, फ्लेक्स उतरवा म्हणून. आणि तुला रद्द. लोकांना खालनंच परत पाठवतो. अप्पा, मला माफ करा.”

“तुला कशाला रद्द?”

“काय ठेवू पारड्यात? पाणी होतं ते मीच पिऊन बसलोय.”

“तीनशे ग्रॅम कुठं गेले?”

“कसले तीनशे… ते?” हिंदुराव कसंनुसं हसले. “ते कशाला काढताय, अप्पा.”

“मास्तर, तुपाची बरणी आण. तूप म्हणजे चरबीच.”

समईसाठी आम्ही गाईचं तूप ठेवतो. थंडीत ते दगडासारखं थिजलेलं होतं. मी पळसाच्या पानावर तीनशे ग्रॅम तूप काढलं, मापाला माप लावून, आणि अप्पांना दिलं. अप्पांनी ते पान हिंदुरावांच्या तळहातावर ठेवलं.

हिंदुरावांचा पंजा मोठा आहे. उसाची मोळी एका हाताने उचलणारा माणूस. तो गोळा त्या पंज्यात मावत नव्हता. त्यांनी खालून दुसरा हात लावला.

“एवढं?” ते म्हणाले.

अप्पा वात वळत होते.

“एवढं माझ्या अंगातनं गेलं? एका आठवड्यात?”

“ती पोरगी काय मागत होती?” मी विचारलं. मला राहवलं नाही.

“पेढा,” हिंदुराव म्हणाले, आणि त्यांची नजर त्या तुपावरून हलेना. हात वर-खाली करून वजन बघितलं. वास घेऊन बघितला. “आयला… आणि मी चप्पल म्हणत हुतो.”

हळूहळू त्यांची छाती पुन्हा भरून आली. पण ती फ्लेक्सवरची छाती नव्हती. आपल्या शेतातली पहिली मोळी उचलताना माणूस जसा उभा राहतो, तसे ते उभे होते.

मग पायऱ्यांवरचा गलका जवळ आला आणि त्यांचा चेहरा उतरला.

“पण अप्पा, हे गावासमोर? पाच किलो लिहून तीनशे ग्रॅम? मगदूम मला जगू द्यायचा न्हाई.”

“तुझी मर्जी,” अप्पा म्हणाले. “पान ठेवून जायचं तर बरणीवर ठेव. माशा बसतील.”

हिंदुराव उभे राहिले. एकदा बरणीकडे बघितलं, एकदा पायऱ्यांकडे. 

मग त्यांनी स्वतःच कळशी पारड्यातून उतरवली. आपल्या गुऱ्हाळाचा पाच किलोचा रवा उतरवला. तुपाचं पान पारड्यात ठेवलं.

“मास्तर,” ते म्हणाले, “तीनशे ग्रॅम गूळ तोडा.”

अकराला अडीचशे माणूस अंगणात बसलं होतं. रीतीप्रमाणे तुला करणाऱ्याने आपल्या तोंडाने सांगायचं असतं, काय सोडलं आणि किती. हिंदुराव तराजूजवळ उभे राहिले.

“तीनशे ग्रॅम चरबी,” ते म्हणाले. “एका आठवड्यात.”

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग मागून हसू फुटलं आणि पुढपर्यंत आलं.

बापूसो मगदूम उभेच राहिले. सरपंचाच्या निवडणुकीत दोनदा पडलेला माणूस, आजचा दिवस सोडणार थोडाच. “हिंदुराव, फ्लेक्सवर पाच किलो हुतं न्हवं? बाकीचं वाटेत कुठं सांडलं?”

“पाणी हुतं ते, बापूसो,” हिंदुराव म्हणाले. “बारशाला परत आलं. मीच बावळट, बोर्ड लावून बसलो.”

हसणं आणखी वाढलं. हिंदुराव तसेच उभे. कान लाल झाले होते, पण पाय हलले नाहीत.

“हे मात्र गेलं,” पारड्यातल्या तुपावर बोट ठेवून ते म्हणाले. “हे परत न्हाई येऊ द्यायचं मी. तुम्ही सगळे लक्ष ठेवा. दिसलो कुठं पंगतीत तिसरी पोळी घेताना, तर गूळ परत मागा.”

हसणं थांबलं. का थांबलं, ते मी सांगू शकणार नाही. पुढे बसलेल्या बायकांपैकी कुणीतरी डोळ्याला पदर लावला. शेवंताक्कांना गावात न ओळखणारं कोण होतं?

अडीचशे माणसांत तीनशे ग्रॅम गूळ वाटणं हे काम काही सोपं नाही. मी सुरीने किसून वाटला. प्रत्येकाच्या हातावर चिमूट पडली, एकालाही चुकवलं नाही. मगदूमांनी हात पुढे केला तेव्हा मी त्यांच्या हातावर इतरांइतकाच ठेवला, आणि त्यांनी तो मुकाट्याने तोंडात टाकला. अकरा वर्षांत मी मोठमोठ्या तुला केल्या आहेत. माझा ऊर भरून आला तो त्या दिवशी, आणि तसं मी बोलूनही दाखवलं.

माणसं उतरून गेली. अंगण रिकामं झालं. हिंदुराव पुन्हा ओसरीच्या कडेला येऊन बसले आणि बोटांवर हिशेब करू लागले.

“मास्तर, शहाण्णव सातशे धरा. नव्वदपर्यंत किती?”

“सहा किलो सातशे.”

“तीनशेनं भागा.”

“बावीस आठवडे. वर थोडं.”

“पाच म्हयनं…” हिंदुरावांनी डोळे मिटले. “डॉक्टरांनी पाच-सहाच दिल्यात. म्हणजे एक आठवडासुद्धा वाया घालवून चालायचं न्हाई.”

“नाही,” मी म्हणालो.

“करीन. भाकरी कमी करीन, चालीन, तिसरी पोळी सोडली ती सोडलीच. त्याचं भ्या न्हाई मला.” ते अप्पांकडे वळले. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात विनवणी होती. “पण अप्पा, त्या काट्यावर आता विश्वास बसत न्हाई. आज वर, उद्या खाली. पाणी आलं, पाणी गेलं. आणि खरं जातंय ते दिसतच न्हाई. बावीस आठवडे रोज सकाळी उठायचं, आणि काही चाललंय का न्हाई हे कळायचंच न्हाई… माणसानं कशाच्या जोरावर दम धरायचा?”

अप्पांनी शेवटची वात ताटलीत ठेवली. कापसाचे तंतू बोटांवरून झटकले. थोडा वेळ ते हिंदुरावांच्या त्या मोठ्या पंज्यांकडे, रुंद खांद्यांकडे बघत राहिले.

“हिंदुराव,” ते म्हणाले, “चार महिन्यांचं पोर वाढतंय की नाही, हे शेवंतानं रोज कुठल्या काट्यावर बघितलं होतं रे?”